एका नांवाचीं अडीचशें वर्षें

दसऱ्याचे दिवस जवळ आले म्हणजे पुण्यामुंबईच्या फुलबाजारांत झेंडू आणि शेवंती यांच्या राशींशेजारीं जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या फुलांचे ढीग दिसूं लागतात. फुलवाले त्या फुलाला ‘ॲस्टर’ म्हणतात आणि गिऱ्हाईकहि तेंच नांव घेऊन भाव विचारतें. पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्रांत या फुलाचे ‘फुले गणेश’ या नांवाचे निरनिराळ्या रंगांचे वाण तयार करण्यांत आले आणि महाराष्ट्रांतील शेतकरी ते लावूं लागले. इतकें हें फूल व हें नांव इकडच्या लोकांना आपलेंसें झालें आहे. परंतु वनस्पतिशास्त्राचा आधुनिक ग्रंथ उघडून ‘ॲस्टर’ या सदराखालीं हें फूल शोधूं गेल्यास तें तेथें सांपडत नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें तें ॲस्टर नव्हेच!

हें फूल मूळचें चीन-कोरियाकडील. स्वीडनचा सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यानें १७५३ सालीं त्याला ‘ॲस्टर चायनेन्सिस’, म्हणजे चिनी ॲस्टर, असें नांव दिलें. पुढें १८२५ सालीं हेन्री कासिनी या फ्रेंच अभ्यासकानें त्याची रचना बारकाईनें तपासून तें ॲस्टरांतून वेगळें काढलें आणि त्याला ‘कॅलिस्टेफस’, म्हणजे सुंदर मुकुट, असें स्वतंत्र नांव दिलें. शास्त्रज्ञांनीं नवें नांव घेतलें, बाजारानें जुनेंच ठेवलें. या एका फुलापुरता वाद येथेंच मिटला. परंतु अमेरिकेच्या रानांत आणि माळांवर फुलणाऱ्या दीडशेंहून अधिक ॲस्टर-जातींविषयीं हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हां मात्र तो सुटावयास जवळजवळ अडीचशें वर्षें लागलीं. त्या प्रश्नानें एका थोर शास्त्रज्ञाच्या उतारवयाचीं कांहीं वर्षें गिळून टाकलीं आणि त्याला हात टेकावयास लावले.

‘ॲस्टर’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ तारा असा आहे. युरोपांतील टेकड्यांवर उगवणारें एक निळसर जांभळें फूल प्राचीनांच्या चांगलें परिचयाचें होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यानें ‘ॲटिकाचा तारा’ या नांवाच्या औषधी वनस्पतीचें वर्णन केलें आहे आणि रोमन कवि व्हर्जिल यानें आपल्या कृषिविषयक काव्यांत ‘अमेलस’ नांवाच्या फुलाचा उल्लेख केला आहे. हे दोन जुने शब्द एकत्र आणून लिनीअसनें ‘ॲस्टर अमेलस’ हें नांव सिद्ध केलें. ॲस्टर या नांवाचा मूळ धनी आजहि हेंच युरोपीय फूल मानलें जातें. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें जरूर आहे, कारण पुढील सर्व कथा या धन्याचे खरे भाऊबंद कोण आणि उगाच आडनांव लावणारे कोण, या प्रश्नाभोंवतीं फिरते.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि भाद्रपदांत सह्याद्रीचीं पठारें पिवळीं करून सोडणारी सोनकी यांच्याच कुलांत ॲस्टरची गणना होते. या कुलाचें वैशिष्ट्य असें कीं, लोक ज्याला एक फूल म्हणतात तें वस्तुतः अनेक फुलांचें संमेलन असतें. मधल्या पिवळ्या चकतींत नळीच्या आकाराचीं बारीक फुलें दाटीनें बसलेलीं असतात आणि कडेची जी पाकळी दिसते ती प्रत्येक एक स्वतंत्र फूलच असतें. खालून या सर्वांना चिमुकल्या हिरव्या छदांचे थर कवटाळून असतात. बी पिकलें म्हणजे त्याच्या माथ्यावर केसांचा एक तुरा दिसतो आणि त्याच्या आधारानें तें वाऱ्यावर उडून जातें. सर्व ॲस्टरांत हा सांचा इतका सारखा असतो कीं, एक जाति दुसरीपासून वेगळी ओळखावयाची म्हणजे किरकोळ गोष्टींचा आश्रय करावा लागतो: कडेच्या फुलांचा रंग पांढरा कीं जांभळा, पानें रुंद कीं अरुंद, देंठ गुळगुळीत कीं लवदार, छदांचीं टोंकें ताठ कीं मुरडलेलीं. आणि दुर्दैव असें कीं, जमीन, पाणी व ऊन यांत थोडा फरक पडला तरी या किरकोळ गोष्टी आपण होऊनच बदलतात. ओढ्याकांठचें रोप आणि माळावरचें रोप सख्खीं भावंडें असूनहि परकीं वाटतात, तर मुळांत परकीं असलेलीं दोन रोपें जुळीं भासतात. सर्व अडचणींचें मूळ येथें आहे.

लिनीअसचा ‘स्पीशीज प्लांटारम’ हा ग्रंथ १७५३ सालीं स्टॉकहोम येथें प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ६,००० वनस्पतींची नोंद होती. तोंपर्यंत वनस्पतीचें नांव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्यच असे. पानाचा आकार, फुलाचा रंग, उगवण्याचें ठिकाण, सारें कांहीं त्यांत कोंबलेलें असे. लिनीअसनें प्रत्येक वनस्पतीला सुटसुटीत दोन शब्द दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे आधीं आडनांव आणि मग नांव. ही सोय इतकी उत्तम ठरली कीं, १९०५ सालीं व्हिएन्ना येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें वनस्पतींच्या नांवांचा शक १७५३ पासूनच मोजावा असें ठरविलें.

परंतु नांव देणें वेगळें आणि नातें ठरविणें वेगळें. लिनीअसनें वनस्पतींचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलांतील पुंकेसर व स्त्रीकेसर यांची संख्या आणि मांडणी पाहून. ही पद्धति कृत्रिम आहे, वनस्पति झटपट ओळखतां यावी एवढाच तिचा उपयोग आहे, याची त्याला स्वतःला पूर्ण जाणीव होती. महाराष्ट्रांत कुळकर्णी हें आडनांव गांवोगांव आढळतें, पण तें वतनावरून आलेलें आहे, रक्तावरून नव्हे. दोन कुळकर्णी एका पंक्तीला बसले म्हणून ते एका गोत्राचे ठरत नाहींत. लिनीअसचें ‘ॲस्टर’ हें आडनांव याच मासल्याचें होतें. रूप जुळलें कीं आडनांव मिळालें. कूळ कोणी विचारलें नाहीं, आणि विचारण्याचें साधनहि त्या काळीं कोणापाशीं नव्हतें.

याच सुमारास अमेरिकेंतून नव्या वनस्पतींचा ओघ युरोपांत येत होता. इंग्लंडचा जॉन ट्रॅडेस्कंट हा बागाईतदार १६३७ सालीं व्हर्जिनियास जाऊन आला होता. एका ॲस्टरला लिनीअसनें त्याच्याच घराण्याचें नांव दिलें. लिनीअसचा शिष्य पेर काल्म १७४८ पासून १७५१ पर्यंत उत्तर अमेरिकेंत हिंडून वाळविलेल्या वनस्पति व बियाणें घेऊन परत आला. लिनीअस स्वतः अमेरिकेस कधींच गेला नाहीं. तिकडील ॲस्टर त्यानें पाहिले ते कागदावर चिकटविलेले, नाहींतर युरोपच्या बागांत वाढलेले. त्यानें दिलेल्या नांवांत त्या खंडाचा इतिहासहि गोठून राहिला आहे. ‘ॲस्टर नोव्ही-बेल्जाय’ म्हणजे नव्या बेल्जियमचा ॲस्टर. हा नवा बेल्जियम म्हणजे डच लोकांची अमेरिकेंतील वसाहत. इंग्रजांनीं १६६४ सालीं ती जिंकून तिच्या राजधानीला न्यू यॉर्क हें नांव दिलें, पण फुलाच्या नांवांत तीच वसाहत त्यानंतर जवळजवळ ९० वर्षांनीं नोंदली गेली. त्याचाच सोबती ‘ॲस्टर नोव्ही-ॲंग्लिई’, म्हणजे न्यू इंग्लंडचा ॲस्टर.

युरोपच्या बागांनीं या पाहुण्यांचें मोठ्या हौसेनें स्वागत केलें. इतर फुलें सरत आलीं कीं हीं फुलूं लागत. इंग्लंडांत २९ सप्टेंबरला संत मायकेलचा सण असतो, त्यावरून त्यांना ‘मायकेलमस डेझी’ हें लाडकें नांव मिळालें. परंतु शास्त्राला हें स्वागत फार महाग पडलें. अमेरिकेंत शेंकडों मैल अंतरावर राहणाऱ्या जाति येथें एका वाफ्यांत शेजारीं शेजारीं आल्या. मधमाशांनीं त्यांचे पराग इकडचे तिकडे केले आणि जीं रोपें उगवलीं तीं ना आईसारखीं ना बापासारखीं. त्यांचें बी पुन्हां लंडनहून पॅरिसला, पॅरिसहून बर्लिनला, एका बागेंतून दुसरींत जात राहिलें. प्रत्येक ठिकाणच्या विद्वानास त्यांत कांहींतरी नवीन दिसे आणि तो त्याचें बारसें करून मोकळा होई. विल्यम एटन यानें १७८९ सालीं क्यू येथील बागेची जी सूची प्रसिद्ध केली तिनें या यादींत मोठी भर घातली. ज्या वनस्पतीचें माहेर अमेरिकेंत, पण जन्म मात्र युरोपच्या वाफ्यांत, तिला रानांत शोधावयाचें तरी कोठें?

हा पसारा आवरण्याचा पहिला गंभीर प्रयत्न हेन्री कासिनीनें केला. त्याचें घराणें ज्योतिर्विदांचें. चार पिढ्या पॅरिसच्या वेधशाळेची सूत्रें कासिनींच्या हातांत होतीं. पांचव्या पिढींतील हा पुरुष पेशानें न्यायाधीश झाला, आणि फुरसतीच्या वेळीं आकाशांतील ताऱ्यांऐवजीं भूमीवरील तारकापुष्पांकडे वळला. साक्षीपुरावा तपासावा तशा चिकाटीनें त्यानें या कुलांतील फुलांचे सूक्ष्म अवयव तपासले आणि ॲस्टरच्या गर्दींतून ‘युरिबिया’, ‘गॅलाटेला’, ‘कॅलिस्टेफस’ असे गट वेगळे काढले. १८३२ सालीं पॅरिसमध्यें पटकीची सांथ आली, तींत त्याचा अंत झाला. त्याच वर्षीं जर्मनींत नेस फॉन एसेनबेक या प्राध्यापकाचा केवळ ॲस्टर-गटाला वाहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानेंहि अनेक नव्या प्रजाति सुचविल्या. त्यांतील एक ‘सिम्फिओट्रायकम’. एका बागेंतील रोपाच्या तुऱ्याचे केस बुडाशीं एकमेकांस जुळलेले आहेत असें त्याला वाटलें आणि ‘जुळलेले केस’ अशा अर्थाचें हें ग्रीक नांव त्यानें बनविलें. त्या प्रजातींत त्यानें एकुलती एक जाति ठेवली होती. त्या काळीं या नांवाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. नेस पुढें राजकीय चळवळींत पडला, १८५१ सालीं त्याची प्राध्यापकी गेली आणि पोटासाठीं आपला वनस्पति-संग्रह विकण्याची पाळी त्याच्यावर आली.

आतां अमेरिकेंतच या प्रश्नाला हात घालणारा पुरुष उदयास आला. त्याचें नांव एसा ग्रे. १८१० सालीं न्यू यॉर्क प्रांतांत त्याचा जन्म झाला. शिक्षण वैद्यकाचें, पण ओढ वनस्पतींची. जॉन टॉरी या आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर त्यानें उत्तर अमेरिकेच्या संपूर्ण वनस्पतिसृष्टीचा ग्रंथ लिहावयास घेतला. काम सुरू करतांच त्याला एक मोठी विसंगति दिसून आली. वनस्पति अमेरिकेच्या, परंतु त्यांचीं नांवें ज्या नमुन्यांवरून पडलीं ते नमुने युरोपांत! लिनीअसचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजानें १७८४ सालीं विकत घेतला होता आणि तो लंडन येथें होता. इतर संग्रह पॅरिस, बर्लिन, जिनिव्हा असे विखुरलेले होते. वनस्पतीचें नांव हें वर्णनापेक्षां नमुन्याला अधिक घट्ट बांधलेलें असतें. वर्णन संदिग्ध असूं शकतें, पण कागदावर चिकटविलेली फांदी खोटें बोलत नाहीं. मिशिगनमधील नव्या विद्यापीठानें १८३८ सालीं ग्रे याला ग्रंथखरेदीसाठीं युरोपला धाडलें, तेव्हां त्यानें ही संधि साधून ते सर्व जुने कागद डोळ्यांखालून घातले. १८४२ सालीं तो हार्वर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाला आणि पुढें अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्राचा तो आधारस्तंभच बनला.

१८५७ च्या सप्टेंबरांत चार्ल्स डार्विननें आपल्या नव्या सिद्धान्ताची रूपरेषा ज्या पत्रांत लिहून पाठविली, तें पत्र या ग्रे यालाच लिहिलेलें होतें. दुसऱ्या वर्षीं लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढें तो सिद्धान्त मांडला गेला, तेव्हां त्या पत्रांतील भाग पुराव्यादाखल वाचण्यांत आला. अमेरिकेंत डार्विनची बाजू ग्रेनेंच उचलून धरली. जाति या कायमच्या घडविलेल्या नसून एकीपासून दुसरी हळूहळू निपजते, हें त्याला मान्य होतें. तसें असेल तर कांहीं जातींच्या सीमा अंधुक असणारच. कारण तेथें निसर्गाचें काम अजून चालूं आहे. तत्त्व म्हणून ही गोष्ट स्वीकारणें सोपें होतें. परंतु वनस्पतींचा ग्रंथ लिहिणाराला प्रत्येक पानावर निर्णय द्यावा लागतो. अमुक झाड या नांवाचें, तमुक त्या नांवाचें, असें त्याला छातीठोकपणें लिहावें लागतें, आणि ‘निसर्गाचा अजून निश्चय झालेला नाहीं’ असें लिहून वाचकाची बोळवण करतां येत नाहीं.

आपल्या अखेरच्या महाग्रंथांत ॲस्टरचें प्रकरण आलें, तेव्हां ग्रे सत्तरीला पोंचला होता. १८८० सालीं तो पत्नीसह पुन्हां युरोपला गेला आणि त्या प्रवासांत त्यानें ॲस्टर व त्याची आप्त गोल्डनरॉड यांचे जुने नमुने नव्यानें तपासले. चाळीस वर्षांपूर्वीं पाहिलेले तेच पिवळे पडलेले कागद त्यानें पुन्हां समोर घेतले. काम सुरळीत चाललें तें ठराविक मर्यादेपर्यंतच. प्रजातीच्या ऐन गाभ्यांतील, अरुंद पानांच्या व लहान फुलांच्या समूहापाशीं येतांच त्याची गति खुंटली. एक नमुना घ्यावा, त्याला नांव द्यावें, तोंच दुसरा नमुना हातीं येई आणि पहिल्याची व्याख्या मोडून टाकी. या दिवसांत त्यानें एका मित्राला पत्र लिहिलें आहे. ॲस्टरनें आपल्याला अर्धमेलें केलें आहे, जाति कोणत्या आणि त्यांच्या व्याख्या कशा कराव्या हेंच उमगत नाहीं. आपली रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत झाल्याचें कानीं आलें तर त्याचा दोष ॲस्टरला द्यावा, कारण तें सावकाश भिनणारें विष आहे, असा त्याचा आशय आहे. विनोदानें लिहिलेल्या या ओळींमागचा थकवा लपत नाहीं.

तरीहि त्यानें काम सोडलें नाहीं. जुन्या संग्रहांतील ॲस्टर व गोल्डनरॉड यांच्या नमुन्यांवरील आपला निबंध त्यानें १८८२ सालीं प्रसिद्ध केला आणि ॲस्टरचें प्रकरण असलेला ग्रंथाचा भाग १८८४ सालीं बाहेर पडला. चार वर्षांनीं, ३० जानेवारी १८८८ रोजीं, त्याचें निधन झालें. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा तो ग्रंथ त्याच्या हयातींत पुरा झाला नाहीं आणि त्याच्या पश्चात् इतरांनीं हात लावूनहि अपुराच राहिला.

ग्रे हरला तो कशामुळें? त्याच्या बुद्धींत किंवा परिश्रमांत उणें होतें म्हणून खचित नव्हे. त्यानंतरच्या काळांत कांहीं अभ्यासकांनीं उलट टोंक गांठून पाहिलें. प्रत्येक बारीक फरकाला स्वतंत्र नांव द्यावें, म्हणजे घोंटाळा मिटेल, असा त्यांचा भाव होता. १९०६ सालीं एडवर्ड बर्जेस यानें मोठ्या पानांच्या रान-ॲस्टरांच्या एका लहानशा गटाच्या डझनावारी जाति पाडल्या. परंतु नांवें वाढलीं तरी ज्ञान वाढलें नाहीं. पुढील अभ्यासकांनीं त्यांतील बहुतेक नांवें मोजक्या जातींत पुन्हां विलीन करून टाकलीं.

खरें कारण उघड झालें तें विसाव्या शतकांत, पेशींच्या अंतरंगांत डोकावण्याची सोय झाल्यावर. प्रत्येक पेशींत आनुवंशिक गुण वाहणारे सूक्ष्म तंतु असतात. त्यांना रंगसूत्रें म्हणतात. त्यांची संख्या मोजतां येऊं लागली, तेव्हां युरोपांतील मूळ ॲस्टर अमेलसमध्यें ती ९ च्या पटींत, म्हणजे १८, ३६, ५४ अशी आढळली. न्यू इंग्लंडच्या ॲस्टरमध्यें ती अवघी १० निघाली. ग्रे याला छळणाऱ्या समूहांत मूळ संख्या ८ असून तिच्या पटी होत गेलेल्या दिसल्या. कोठें १६, कोठें ३२, कोठें ४८, तर कोठें ६४. अशा वनस्पतींत दोन जातींचा संकर होतो, संकराची रंगसूत्रें दुप्पट होतात, आणि तो संकर स्वतःच्या पायावर उभा राहून नवी जाति म्हणून नांदूं लागतो. ती पुन्हां शेजारणीशीं मिसळते. थॉमस नटाल यानें नवी जाति म्हणून ज्याचें वर्णन केलें, तो ‘ॲस्टर अमेथिस्टिनस’ तर न्यू इंग्लंडचा ॲस्टर व माळरानावरचा एक पांढरा ॲस्टर यांचा संकर ठरला. म्हणजे ग्रेच्या हातांतील भिंगाला जी सीमा दिसत नव्हती, ती पुष्कळ ठिकाणीं मुळांत नव्हतीच. त्यानें प्रामाणिकपणें जो गोंधळ नोंदविला, तो त्याच्या डोक्यांतील नव्हता. तो रानांतलाच होता.

आतां राहिला आडनांवाचा प्रश्न. हे सर्व अमेरिकन ॲस्टर युरोपांतील मूळ धन्याचे भाऊबंद होते काय? रंगसूत्रांच्या संख्येनें संशय उत्पन्न केलाच होता. अल्मुट जोन्स, कॅनडांतील जॉन सेंपल आदि अभ्यासकांनीं १९७० नंतरच्या काळांत हा संशय बळकट केला. १९९४ सालीं टेक्ससमधील गाय नेसम यानें दीडशेंहून अधिक पानांचा एक प्रदीर्घ निबंध लिहून निर्णय मांडला: अमेरिकेंतील ॲस्टर हे खरे ॲस्टर नव्हेत, त्यांच्या निरनिराळ्या प्रजाति कराव्या. बीजावरील शिरा, तुऱ्याचे केस, छदांची ठेवण, रंगसूत्रें अशा अनेक लक्षणांचा मेळ त्यानें घातला होता. आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डी. एन. ए. ची, थेट तुलना करण्याची विद्या तोंवर हातीं आली होती. १९९९ सालीं रिचर्ड नॉयेस व लोरेन रीझबर्ग यांनीं अशी तुलना प्रसिद्ध केली, तेव्हां अमेरिकेंतील ॲस्टर हे तेथीलच गोल्डनरॉडसारख्या वनस्पतींचे जवळचे नातलग असून युरोप-आशियांतील ॲस्टरांपासून फार दूरचे आहेत, असें स्पष्ट झालें. ताऱ्याचें तें मोहक रूप या सर्व गटाच्या पूर्वजांकडून आलेलें होतें. तें कांहीं शाखांनीं राखलें, कांहींनीं टाकलें. दोन दूरचे चुलतभाऊ नाकीं डोळीं पणजोबांवर जावेत आणि लोकांनीं त्यांना सख्खे भाऊ समजावें, तसा हा प्रकार झाला होता.

गंमत अशी कीं, या नात्याची चुगली एका बागेंतल्या फुलानें फार आधींच केली होती. फ्रान्समध्यें लियाँ येथील एका रोपवाटिकेंत १९१० सालीं गोल्डनरॉड व एक पांढरा अमेरिकन ॲस्टर यांचा संकर उगवला. दोन भिन्न प्रजातींचा विवाह म्हणून त्याचें कौतुक झालें आणि ‘सॉलिडॅस्टर’ असें जोडनांव त्याला मिळालें. पुढें तपास होतां तो पांढरा ॲस्टर मुळीं ॲस्टर नसून पांढऱ्या फुलांची गोल्डनरॉडच आहे, असें निष्पन्न झालें! तो विवाह परजातींतला नव्हता, घरांतल्या घरांतलाच होता. आणि त्या वनस्पतीला ॲस्टरांत बसविणारे दोन विद्वान म्हणजे १८४१ सालचे टॉरी आणि ग्रे.

नवें वर्गीकरण २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिग्रंथांत दाखल झालें. एके काळीं ॲस्टर या नांवाखालीं जगभरच्या सुमारें ६०० जाति मोडत असत. आतां सुमारें १८० उरल्या आहेत, आणि त्या जवळजवळ सर्व युरोप-आशियांतल्या. हिमालयांतील उंच कुरणांवरचे कांहीं ॲस्टर या खऱ्या मंडळींतच गणले जातात. उत्तर अमेरिकेचा स्वतःचा म्हणावा असा खरा ॲस्टर एकच शिल्लक राहिला: डोंगरांवर वाढणारा ‘ॲस्टर अल्पिनस’, आणि त्याचें बिऱ्हाड युरोप-आशियांतहि आहेच.

उरलेल्या अमेरिकन मंडळींपैकीं सर्वांत मोठ्या गटाला, म्हणजे सुमारें ९० जातींना, कोणतें आडनांव द्यावयाचें? नामकरणाचा कायदा असा कीं, त्या गटांतील एखाद्या जातीला पूर्वीं विधिपूर्वक दिलेलें जें सर्वांत जुनें प्रजाति-नांव असेल तेंच घ्यावें. शोध घेतां तें नांव नेसच्या ग्रंथांत निघालें: ‘सिम्फिओट्रायकम’, जुळलेले केस! ज्या बागेंतील रोपावरून नेसनें तें ठेवलें, त्याचे केस जुळलेले त्याला दिसले असतील. पण गटांतील इतरांना हें लक्षण लागूं पडत नाहीं. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी ही गत आहे. तरी नियम तो नियम. नांव हें वर्णन नव्हे, ती एक खूण आहे. सर्वांनीं एकाच वस्तूला तीच खूण लावली म्हणजे तिचें कार्य झालें.

बागकामाच्या शौकिनांना हा फेरफार अर्थातच रुचला नाहीं. गोड, दोन अक्षरी नांव जाऊन जीभ अडखळविणारें पांच अक्षरी नांव आलें. पाट्या बदला, याद्या बदला, आणि उद्यां पुन्हां शास्त्रज्ञांचें मत फिरलें तर काय, अशी त्यांची तक्रार असते. ती अगदींच निराधार नाहीं. परंतु एखादें झाड दुर्मिळ झालें, त्याचें रक्षण करावयाचें झालें, तर तें नेमकें कोण, त्याचे खरे सोयरे कोण, हें ठाऊक असल्यावांचून भागत नाहीं. सर्वांना एकाच आडनांवाखालीं कोंबून ठेवलें तर हें ज्ञान कायमचें झांकून राहिलें असतें.

आणि ग्रेच्या त्या कष्टांचें काय झालें? त्यानें मांडलेलें वर्गीकरण आज कोणी पाळीत नाहीं. परंतु कोणतें जुनें नांव कोणत्या संग्रहांतील कोणत्या फांदीला बांधलेलें आहे, हें त्यानें दोन वेळां समुद्र ओलांडून कागदोकागदीं पडताळून ठेवलें, आणि ज्याचा निर्णय करतां आला नाहीं त्याचा निर्णय झाल्याचा आव आणला नाहीं. त्याच्या मागून येणारांस हातीं धरावयास एक खात्रीचा धागा मिळाला तो यामुळेंच. फुलबाजारांतील गिऱ्हाइकानें ॲस्टरचें नांव बदलण्याचें कांहीं कारण नाहीं; बाजाराचें काम त्या नांवानें चाललें आहे आणि चालेल. मात्र दसऱ्याच्या तोरणांत तें जांभळें फूल ओंवतांना एवढें आठवावें कीं, त्याच्या त्या लहानशा नांवामागें अडीचशें वर्षांची चौकशी आहे, आणि ती चौकशी अजून सर्वस्वीं संपलेली नाहीं.